ट्रेगार्थची पत्र्याची पेटी

गंधार त्या दारातून आत शिरला तो केवळ पावसामुळे.

ब्रिस्टलच्या हार्बरवर नोव्हेंबरचा पाऊस वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो. छत्री केव्हाच उलटी झाली होती. हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून तो चालत घरी निघाला होता आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. एका छोट्याशा म्युझियमच्या दारावर पाटी दिसली. जुन्या डायऱ्या वाचायला व्हॉलंटिअर हवेत, चहा-बिस्किटं मिळतील.

"बिस्किटं तरी कोरडी असतील," तो स्वतःशीच पुटपुटला.

"बिस्किटं कोरडी आहेत, तुम्ही नाही. आधी कोट बाहेर टांगा," आतून कुणीतरी मराठीत म्हणालं.

टेबलामागे एक मुलगी बसली होती. केस पेन्सिल खोचून वर बांधलेले, नजर त्याच्या बुटांखालच्या ओल्या फरशीवर.

"तुम्ही... कुठल्या?"

"क्रॉयडनची."

"तसं नाही. मूळच्या?"

"मूळची पण क्रॉयडनचीच. आई-बाबांना विचारलंत तर ते साताऱ्यापासून सुरू करतील. माझ्याकडे तेवढा वेळ नाही."

तिचं नाव शाल्मली. या म्युझियमचे जुने कागद सांभाळणं हे तिचं काम. गंधार मिरजेचा. तिथेच डॉक्टर झाला, आणि इथे भूल देण्याचं शिक्षण संपवत आला होता. "लोकांना झोपवतो," त्याने सांगितलं. "मग डायऱ्या वाचायला योग्य आहात," ती म्हणाली, "या वाचताना माझे तीन व्हॉलंटिअर झोपले." आणि बिस्किटांचा डबा त्याच्याकडे सरकवला.

पुढच्या शनिवारी पाऊस नव्हता. तरी तो आला.

त्याच्या वाट्याला आली एडमंड ट्रेगार्थची पत्र्याची पेटी. ट्रेगार्थ एकोणिसाव्या शतकातला, आरमारातला तरुण लेफ्टनंट. याच बंदरातून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला आणि तिथल्या तापाने गेला. पेटी तेवढी परत आली. ती आधी बहिणीने जपली, मग तिच्या नातवंडांनी माळ्यावर ठेवली, आणि आता घर विकताना कुणीतरी म्युझियमला देऊन टाकली होती. आत दोन डायऱ्या होत्या. कोटाचं एक पितळी बटण, पानांत दाबलेलं नेच्याचं पान, रंग उडालेली रिबीन. आणि कातड्याचा एक नाजूक हातमोजा, डाव्या हाताचा.

"हा मिस ॲलिसचाच असणार," गंधार म्हणाला. ॲलिस वेन हे नाव डायरीत पानोपानी होतं. वर क्लिफ्टनच्या टेकडीवर तिचं घर होतं.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? माणूस जहाजावर उगीच बायकांचा एक हातमोजा घेऊन फिरेल?"

शाल्मलीने लेबल लिहिलं. स्त्रीचा हातमोजा, डावा. कुणाचा, माहीत नाही.

"तू फार कोरडी आहेस," तो म्हणाला. तोवर ते 'तू'वर आले होते.

"त्याने लिहिलं नाही, तर मी लिहिणार नाही. हा माझा जॉब आहे."

काम करायची तिची पद्धतही तशीच होती. गंधारने फोटोंवरून घरी टाइप करून आणलेली पानं तो मोठ्याने वाचायचा. ती समोर मूळ डायरी ठेवून, कागदाला बोट न लावता, नजरेने ओळीमागून ओळ तपासत जायची. शब्दच नाही, त्याने विरामचिन्हंसुद्धा उच्चारायची असा नियम होता. स्वल्पविराम, पूर्णविराम, डॅश. कुठे चुकलं की ती टेबलावर पेन्सिलने टकटक करायची. तो थांबायचा. चूक दुरुस्त व्हायची, मग पुढे.

ट्रेगार्थ वादळाबद्दल लिहायचा तेव्हा वाक्यं सरळ असायची. ॲलिसबद्दल लिहायला लागला की...

"मिस वेन आज बागेत होत्या, डॅश, निळा पोशाख, डॅश, मी हवामानाबद्दल बोललो, डॅश, डॅश... अगं, किती डॅश? बोलायला काय झालं होतं याला?"

"सगळ्यांना तुझ्यासारखं बोलता येत नाही."

"तुला येतं की. दिवसभर माझ्या चुका काढत असतेस."

"ते सोपं असतं," ती म्हणाली आणि पान उलटलं. तिच्या कानाच्या पाळ्या गुलाबी झाल्या होत्या. गंधारने ते पाहिलं, आणि पुढच्या ओळीत दोन चुका केल्या. टकटक, टकटक.

तोही तिच्या चुका काढायचा. ती "माझा कॉफी" म्हणायची, "तो डायरी" म्हणायची. तो तेवढ्यापुरता टेबलावर बोटाने वाजवायचा. ती डोळे मोठे करायची, पण सुधारायची. हिवाळा असाच गेला. खिडकीबाहेर बोटी डोलत राहिल्या, चहा गार होत राहिला. एका शनिवारी त्याने स्वतःची शाल तिच्या खुर्चीवर टाकली, कारण हीटर बंद होता. हीटर दुरुस्त झाला. शाल तिथेच राहिली.

मार्चमध्ये तो म्हणाला, "ग्लासगोहून ऑफर आलीय. कन्सल्टंटची."

शाल्मली लेबलं लावत होती. "अरे वा," ती म्हणाली. "तिथे म्युझियम्स छान आहेत."

एवढंच. घरी जाताना बसमध्ये तिने स्वतःला दोन्ही भाषांत शिव्या दिल्या. दुसरं काहीतरी बोलायचं होतं. पण तो तिथे मोठा होणार, आणि आपण कोण त्याला अडवणार? फोनवर आई म्हणाली, "डॉक्टर मुलगा आहे म्हणे तुझ्याकडे येणारा?" "येणारा नाही गं आई, जाणारा आहे."

गंधारने ग्लासगोला कळवायची मुदत सोमवारी दुपारी संपत होती. त्या सोमवारी त्याने सुट्टी घेतली आणि सकाळीच म्युझियममध्ये आला. डायरीची शेवटची पानं तपासायची राहिली होती. ते संपलं की इथे यायचं कारणही संपणार, हे दोघांना माहीत होतं.

त्याने वाचायला घेतलं. ट्रेगार्थचा ब्रिस्टलमधला शेवटचा दिवस. संध्याकाळी तो क्लिफ्टनची टेकडी चढून गेला होता.

"खिडकीत दिवा होता, डॅश, पियानो ऐकू येत होता, डॅश, फाटकापाशी बराच वेळ उभा राहिलो, डॅश, आत गेलो, पूर्णविराम."

शाल्मलीसमोरच्या पानावर तसं नव्हतं. शाई फिकी होती, पण अक्षर स्पष्ट होतं. आत गेलो नाही. टाइप करताना गंधारच्या हातून 'नॉट' गळला होता.

पेन्सिल तिच्या हातातच होती. तिने ती वाजवली नाही.

तो पुढे वाचत राहिला. नांगर उचलला, वारा पश्चिमेचा, पाणी किती, शिधा किती. पान संपलं. दुसरं सुरू झालं. शाल्मलीची नजर अजून फाटकापाशीच होती.

"थांब," ती शेवटी म्हणाली. "मागे जा. फाटक."

गंधारने ओळ शोधली. मग उठून तिच्या बाजूला आला आणि मूळ पान पाहिलं.

"मी मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला. "रात्री उशिरा टाइप केलं होतं... मला वाटलं असेल की एवढा चढ चढून गेलाय, म्हणजे आत गेलाच असणार."

"माहितीय."

"पण तू? तू तर स्वल्पविराम सोडत नाहीस. एक अख्खं पान जाऊ दिलंस?"

"मला पण तो आत जायला हवा होता."

हे बोलताना ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"मग राहू दे ना तसंच," तो हळूच म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"नको." तिने पेन्सिल घेतली, त्याच्या टाइप केलेल्या कागदावर तो शब्द समासात लिहिला, आणि शेजारी स्वतःची आद्याक्षरं टाकली. "नाही गेला तो. त्याचं खरं तेवढंच उरलंय, ते आपण नाही बदलायचं." मग पेन्सिल खाली ठेवली. "गंधार, मला तू जायला नको आहेस."

ती उठून उभी राहिली.

"जाऊ नकोस असं म्हणत नाहीये मी. जा. तिथे कन्सल्टंट हो, मला आवडेल. मी फक्त सांगतेय. तू मला आवडतोस. कुठल्या पानावर लिहिलेलं नाही, म्हणून तोंडाने सांगतेय."

"तू म्हणालीस तिथे म्युझियम्स छान आहेत," तो म्हणाला. "मला वाटलं, संपलं. हिला काही फरक पडत नाही."

"मूर्ख आहेस."

"आहेच. एवढे महिने बिस्किटांसाठी कोण येतं?"

"डबा तर तूच संपवलास."

तो हसला. मग हसणं थांबलं आणि त्याने तिचा हात हातात घेतला. जुने कागद हाताळून हाताळून तिची बोटं कोरडी पडली होती, आणि गार होती. ते दोघं तसेच उभे राहिले. खाली हार्बरवर कुणीतरी बोटीचं इंजिन चालू करत होतं. ते सुरू होत नव्हतं, तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होता.

"बारा वाजत आले," शाल्मली म्हणाली. "त्यांना फोन कर."

ते बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले. गंधारने फोन लावला आणि तिला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. पलीकडची बाई ग्लासगोच्या खास हेलात बोलत होती. त्याने होकार सांगितला. तिने अभिनंदन केलं, रुजू व्हायची तारीख सांगितली, मग विचारलं, राहायला जागा हॉस्पिटलतर्फे हवी का? एकट्यासाठी की दोघांसाठी?

गंधारने शाल्मलीकडे पाहिलं.

तिने शाल खांद्यांवर नीट घेतली, फोनकडे वाकली आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "सध्या एकट्यासाठी. पण माझी पुस्तकं बरीच आहेत, तेव्हा खोली जरा मोठी बघा."