सावलीकडची खिडकी

"सूर्याकडं सरळ बघायचं नाही गं बाळा. पाण्याच्या धारेतून बघायचं. आणि पाणी सोडल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही."

आईचा हा आवाज स्नेहलच्या कानात रोज तिच्याआधी जागा व्हायचा. आई देवाघरी गेली, तरी नेवाशाच्या त्या छोट्या अंगणात स्नेहलनं तिचा नेम मोडला नव्हता. उगवतीला तोंड, हातात तांब्याचा गडू, आणि पडणाऱ्या धारेत थरथरणारा लालसर गोळा...

मग तिचे गाल तांबडे झाले. बोटांचे सांधे सकाळी उघडेनात. नगरच्या डॉक्टर मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं, ल्युपस. "ऊन टाळायचं. तुझ्या अंगाला सकाळचं कोवळंही सोसत नाही," त्या म्हणाल्या. गडू देवघरात पालथा पडला. स्नेहल आतूनच हात जोडायची आणि मनात म्हणायची, नारायणा, रुसू नको रे.

डिसेंबरातल्या एका सकाळी ती तपासणीसाठी नगरच्या एसटीत चढली. गारठ्यानं सगळी माणसं उन्हाकडच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेली. सावलीकडच्या बाकांवर त्यांची गाठोडी रचलेली; तिथल्या मोकळ्या एकाच खिडकीशी एक तरुण मफलर गुंडाळून पेंगत होता.

"अहो... जरा ऐकता का? ही खिडकी मला द्याल?"

त्यानं एक डोळा उघडला. "मॅडम, या थंडीत माणसं उन्हासाठी भांडतात, अन् तुम्ही सावली मागताय?"

"मला ऊन चालत नाही."

"रंग काळवंडतो म्हणून?"

"नाही हो," ती हळूच म्हणाली, "आजार आहे."

तो इतक्या घाईनं उठला की वरच्या फळीला डोकं आपटलं. ती खिडकीशी बसली, तो शेजारी, डोकं चोळत. गाडी नेवाशाबाहेर पडली. मग तोच म्हणाला, "माझा धंदाच सावलीचा आहे. शेडनेट. रोपवाटिकांवर हिरवी जाळी ताणून देतो. पन्नास टक्के, पंचाहत्तर टक्के... गिऱ्हाईक म्हणेल तेवढी सावली."

"सावली टक्क्यांनी विकता?"

"विकतो की. पण काही माणसांना फुकट द्यावीशी वाटते."

तिनं चटकन काचेकडं तोंड फिरवलं. काचेत तिचं हसू त्याला दिसत होतं, हे तिला माहीत नव्हतं.

"नाव काय तुमचं?" थोड्या वेळानं तिनं काचेलाच विचारलं.

"रविराज."

आता मात्र तिनं स्कार्फ तोंडावर धरला. खांदे हलत होते. "नाव सूर्याचं, आणि धंदा..."

"आमच्या आईला काय माहीत, पोरगं मोठं होऊन सावल्या विकणार!"

तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "ओ रविशेठ! घोडेगाव गेलं की मागं! उतरायचं न्हवतं का?"

"जाऊ द्या," रविशेठ मफलरमध्ये नाक खुपसत म्हणाले, "आज नगरलाच काम निघालंय."

*

चार दिवसांनी, एसटीत बोलता बोलता कळलेल्या पत्त्यावर, तो नेवाशात दाराशी उभा. खांद्यावर हिरव्या जाळीचा गठ्ठा, हातात टेप.

"अंगणाचं माप घ्यायला आलो."

"कुणी बोलावलं?" स्नेहलचे वडील आप्पासाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले.

"कुणीच नाही," तो खरं तेच बोलला. आप्पासाहेबांना हसू आलं आणि त्यांनी चहा टाकायला सांगितलं.

जाळी ताणायला एक दिवस पुरला असता. पण त्याला दोरी कमी पडायची, मग हूक, मग पुन्हा दोरी. जाळीखाली हिरवट उजेड पडला आणि स्नेहल कितीतरी दिवसांनी दिवसाउजेडी तुळशीपाशी येऊन बसली. शिवायला घेतलेला बाळकृष्णाचा अंगरखा तिच्या मांडीवर होता. आसपासच्या घरांतल्या देवांची वस्त्रं तीच शिवायची.

"एवढासा कुणाला?" शिडीवरून त्यानं विचारलं.

"देवाला."

"मला वाटलं..." तो थांबला. "काही नाही."

ती सुई टोचत राहिली. मग न बघताच म्हणाली, "तुम्ही जे मनात आणताय ना, त्याआधी एक ऐका. राखणीचं कुत्रं घरच्याच माणसांना चावायला लागावं, तसा माझा आजार आहे. कधी सांध्यांना चावतं, कधी किडनीला. बरा होत नाही. मूलबाळ... डॉक्टर म्हणतात होऊ शकतं, पण फार सांभाळून."

तो शिडीवरून उतरला. "तसं कुत्रं कुणी मारून टाकत नाही, बांधून ठेवतात. तुमच्या गोळ्या म्हणजे साखळीच ना?"

"हं."

"मग झालं. आणि सांभाळून म्हणाल, तर टमाट्याचं रोपसुद्धा सांभाळूनच लावावं लागतं."

"मी टमाटा का?"

"गाल तर तसेच दिसताहेत."

"ते आजारानं!" ती म्हणाली. पण या वेळचा तांबडेपणा आजाराचा नव्हता... दोघांनाही ते कळत होतं.

*

रविराजच्या आई रतनबाई मुलगी बघायला आल्या तेव्हा स्नेहलनं काही झाकलं नाही. रतनबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "लेकरू व्हईल का गं?"

"होईल म्हणतात. पण आधी आजार निदान सहा महिने शांत राहायला हवा. आणि डॉक्टरांना विचारूनच."

"मंग ऱ्हाऊ दे की त्याला शांत," रतनबाई पान जुळवत म्हणाल्या. "घाई कुनाला हाय?"

लग्न झालं. घोडेगावजवळच्या वस्तीवर, पूर्वेकडं तोंड असलेल्या घरापुढं, रविराजनं पहिल्याच आठवड्यात जाळी ताणली. "नव्वद टक्केवाली," तो कानाशी येऊन म्हणाला, "घरच्यासाठी राखून ठेवली होती." आजार खरंच गप्प राहिला. बाळाला न चालणारी एक गोळी मॅडमनी बदलून दिली, दुसरी रोजची तशीच ठेवली आणि तपासण्या बघून हसून मान हलवली. मग एका सकाळी स्नेहलला चहाचा वास सोसेना... रविराजनं ते ऐकलं आणि आनंदाच्या भरात शेजारच्या कोंबड्यांना जोंधळ्याचं अख्खं सूप उधळलं.

स्नेहलचा आनंद मात्र भीतीला बिलगून आला. इतकी वर्षं सूर्याला पाणी नाही. बाळ मागायचं आणि देवाचं देणं तसंच ठेवायचं? रतनबाई दूध घालायला डेअरीवर जायच्या, रविराज झोपलेला असायचा. तेवढ्या वेळात ती देवघरातला गडू घेऊन जाळीच्या बाहेर जाऊ लागली. रविवारी कडक उपवास धरला. चतुर्थी, एकादशी होत्याच. आणि उपवासाला गोळी कशी चालेल? माहेरी कुणी उपवासाच्या दिवशी गोळी घेत नसे, पोटात गेलं की उपवास मोडला. बाळासाठीच तर करतेय, ती मनाला सांगायची. एक दिवस गोळी नाही, त्यानं काय होतंय?

व्हायचं ते झालं. पाचव्या महिन्यात पाय सुजले, गाल पुन्हा पेटले. नगरला तपासणीत लघवीतून प्रोटीन जाताना दिसलं. मॅडमनी रिपोर्ट खाली ठेवला.

"गोळी रोज चालू आहे ना?"

स्नेहलनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "उपवास... सोडून."

"बाळाला बाधेल म्हणून?"

"देवासाठी. म्हणजे... बाळासाठीच."

"अगं, बाळासाठीच तर घ्यायची असते ती," मॅडमचा आवाज चढला नाही, उलट हळवा झाला. "गोळी चुकली की आजार जागा होतो. मग बाळाचं वाढणं थांबतं, तुझ्या किडनीवर येतं. अजून हातात आहे. पण आता एकही दिवस चुकवायचा नाही. आणि ऊन नाही."

स्टँडवर रविराजनं तिच्यासाठी सावलीचा बाक शोधला. तो रागावेल म्हणून ती वाट बघत होती. तो नुसता समोरच्या गाड्या बघत राहिला.

"बोला ना काहीतरी."

"रविवारी रविवारी तू साखळी सोडत होतीस," तो हळूच म्हणाला, "आणि मी आत घोरत होतो."

तिचे डोळे भरून आले. "मला भीती वाटते हो. देव रुसला आणि बाळाला काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

रविराज तिच्याकडं वळला. मग गळ्यातला मफलर काढून तिच्या गालावर आलेलं ऊन त्यानं अडवलं. "पाणी मी घालतो."

"तुम्ही?" रडता रडता तिला हसू फुटलं. "उन्हं माजघरात आल्याशिवाय तुम्हाला जाग येत नाही."

"येईल."

"आंघोळ करून घालायचं असतं. अनवाणी."

"थंडीत?"

"थंडीतही."

"बाई गं..." त्यानं डोळे मिटले. "बरं. पण एक अट. आधी तू दोन घास खाऊन गोळी घ्यायची, मग मी पाणी सोडणार. गोळी नाही, तर तुझ्या देवाला पाणीही नाही."

"देवाला वेठीला धरता होय?"

"देवाला कशाला? तुला."

ती हसली, पण घरी पोहोचेपर्यंत आईचं वाक्य काट्यासारखं सलत होतं. पाणी सोडल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. तिनं चुलीपाशी बसलेल्या रतनबाईंना ते सांगितलं. घरात ती त्यांना आत्याबाई म्हणायची. "आत्याबाई, आईचा शब्द मोडला तर?"

रतनबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "तुझ्या आईनं तुला सांगितलं, तवा तू येकटी हुतीस का दोन जिवांची? लेकरू उपाशी ठेवून कंचा द्येव जेवल गं? ती आसती तर तिनंच आधी भरवलं आसतं तुला." आणि भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून वाटी तिच्या हातात दिली.

*

पहिल्या दिवशी रविराज कुडकुडत अंगणात गेला, गडू उलटा केला आणि शिंकला. उंबऱ्याच्या आत बसून स्नेहल कपाळाला हात लावत म्हणाली, "अहो, तशी बादली रिकामी करतात! दोन्ही हात वर... सावकाश... आणि सरळ बघू नका, धारेतून बघा!"

"सगळीकडं काळे ठिपकेच दिसताहेत!"

"मग! सांगितलं होतं ना!"

डेअरीवरून परतलेल्या रतनबाई फाटकातच थबकल्या. "आरं द्येवा! ह्यो कोन उठलाय आमच्या घरी?"

हळूहळू त्याचे हात स्थिर झाले. रोज तेच. आत स्नेहल दोन घास खायची, गोळी घ्यायची, रिकामी मूठ उघडून दाखवायची. मग तो गडू उचलायचा. हिरव्या सावलीत पोटावर हात ठेवून ती बघत राहायची. जाळीपलीकडं एक धार, धारेत तांबूस उजेड, आणि त्या उजेडात केस ओले असलेला तिचा माणूस. बाळ हललं की ती हाक मारायची, "अहो, पोचलं बरं का पाणी!"

पुढच्या तपासणीत प्रोटीन कमी आलं, त्याच्या पुढच्या वेळी आणखी कमी. बाळाच्या हृदयाचे ठोके मॅडमनी मुद्दाम दोघांना ऐकवले. इंजिन लावल्यासारखे धडधड! "आपली विहीरसुद्धा इतकी जोरात उपसत नाही," रविराज कुजबुजला आणि तिनं त्याचा हात घट्ट धरला.

दिवस भरायला थोडे राहिले असताना तिचं बीपी चढलं. मॅडम म्हणाल्या, थांबायला नको. सगळं घाईत झालं. साड्या पिशवीत कोंबल्या, रतनबाईंनी डबा बांधला, जीपमध्ये स्नेहल पोटाशी हात धरून पुटपुटत राहिली. दुपार टळता टळता नगरच्या दवाखान्यात एक बारीकसा, पण चांगलाच रागावलेला रडका आवाज उठला. मुलगी. वजनानं हलकी, पण श्वास खणखणीत. स्नेहलनं शिवलेलं टोपडं तिच्या डोळ्यांवरून थेट नाकापर्यंत घसरलं, तेव्हा रतनबाई हसत हसत रडल्या.

सकाळ झाली. खाट सावलीकडच्या खिडकीजवळ होती. रविराजनं नर्सबाईंशी गोड गोड बोलून ती मिळवली होती. बाळ कुशीत, टोपडं कपाळावर. आत्याबाई बाकावर बसल्याजागी डुलक्या काढत होत्या. त्यानं चमच्यानं स्नेहलला चार घास उपीट भरवलं आणि काही न बोलता गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

तिनं ती घेतली. रिकामी मूठ उघडून दाखवली.

"गडू घरीच राहिला हो," ती क्षीण आवाजात म्हणाली. "आज नाही घातलं तरी..."

त्यानं डब्यातला स्टीलचा पेला धुतला आणि नळाचं पाणी काठोकाठ भरलं. चपला खाटेखाली सरकवल्या. दारापर्यंत जाऊन तो वळला. बाळानं झोपेत तोंड वाकडं केलं, तसं त्यानंही केलं.

"अहो..." स्नेहल म्हणाली.

"माहितीय. धारेतून."

दार त्यानं आवाज न करता लोटलं, आणि पेल्यातलं पाणी सांडू न देता, अनवाणी, गच्चीचा जिना चढू लागला.