जुन्या फिल्टरचं रबर

काचेच्या दारातून ती आत शिरली आणि तिच्या बुटांचे चिखलाचे ठसे त्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर उमटले. तिला बरं वाटलं. बाहेर तीन दिवसांपासून आभाळ नुसतं गळत होतं आणि रस्त्यांचा, भिंतींचा, माणसांच्या तोंडांचा रंग एकच झाला होता. इथे आत मात्र गुळगुळीत उजेड, मऊ सोफे, फुकटची कॉफी आणि भिंतीवर नव्या गाडीला टेकून हसणारं एक कुटुंब. शोरूमच्या भिंतीवरची माणसं कायम हसत असतात. त्यांना बिल येत नाही ना.

"खोटं बोलायचे तुम्ही वेगळे पैसे लावता," बिल काउंटरवर आपटत तिने विचारलं, "की ते पॅकेजमध्येच येतं?"

काउंटरमागचा तरुण उठून उभा राहिला. एरवी त्या खुर्चीवर एक गोड बोलणारी बाई असायची. ती आज रजेवर होती म्हणून याला बसवलेलं. निळा टाय, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं.

"काय झालं, मॅडम?"

"ऑइल बदललं म्हणून बिल लावलंत. फिल्टर नवा टाकला म्हणून लावलंत. गाडी पाठवताना मी फिल्टरवर नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. तो अजून तिथेच बसलाय."

"नेलपॉलिशचा?"

"हो. गुलाबी. शेड सांगू का?"

तो हसला नाही. टॉर्च घेऊन बाहेर गेला, भर पावसात गाडीखाली वाकला आणि दोन्ही गुडघे भिजवून परत आला. आता हा म्हणणार, मेकॅनिककडून राहिलं असेल, बघतो, फोन करतो... तिने शिव्यांची पुढची फैर तयार ठेवली.

"बदललेलं नाही," तो म्हणाला. सोफ्यावरच्या दोघांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "ऑइलही नाही, फिल्टरही नाही. तुम्हाला फसवलंय आम्ही."

तिची फैर तोंडातच राहिली. टाय लावलेल्या माणसाने तिच्याशी इतकं सरळ बोलण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्याने टाय शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचला आणि तिच्यासमोर, स्वतःच्या हाताने, ऑइल बदललं. काळंकुट्ट, जळकं ऑइल भांड्यात पडत राहिलं आणि दोघं ते बघत राहिले. एखाद्याच्या पोटातलं खोटं बाहेर पडावं तसं दिसत होतं ते.

"बाबांना सांगा, ठिपक्याची युक्ती भारी होती."

"बाबांची होती, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बिल त्यांच्या नावाचं आहे, आणि तुमच्या नखांना रंग नाही," तो म्हणाला आणि चटकन भांड्याकडे बघायला लागला. "पुढच्या वेळी घरीच बदला. कठीण नाही. म्हणजे... लागलं तर मी दाखवीन."

ती एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. पहाटे साडेपाचला बर्फाचा डबा मागच्या सीटवर ठेवायचा आणि दहाच्या आत चौदा-पंधरा उपाशी म्हाताऱ्यांच्या शिरा शोधायच्या. लॅबमध्ये सगळे तिला 'सुई' म्हणत. हातातल्या सुईमुळे म्हणत की जिभेमुळे, हे कुणी कधी स्पष्ट केलं नाही. गाडी होती म्हणून काम होतं. काम होतं म्हणून घरात बाबांचं ऑक्सिजनचं मशीन चालू होतं.

बाबांनी चाळीस वर्षं लेथवर काढली. त्या लोखंडाच्या भुकटीने कारखान्याला मोठं केलं आणि बाबांच्या फुप्फुसांची चाळण केली. पूर्वी ऑइल तेच बदलायचे. आता पाठीवर आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. मग गाडी सर्व्हिस सेंटरला जाऊ लागली, आणि खिडकीतल्या खुर्चीत बसून, नाकात नळी घालून बाबा जगावर संशय घेऊ लागले. संशय खरा निघाला, याचा त्यांना आठवडाभर आनंद पुरला.

चार महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, तो खरोखरच आला.

"टायवाले आले," ती म्हणाली.

"टाय काढून आलात?" बाबा खिडकीतून ओरडले. "मग ग्राहकांना फसवायचा अधिकार गेला तुमचा!"

"म्हणून तर काढला, काका."

बाबांनी स्वतः बनवलेल्या लोखंडी उतारांवर तिने गाडीची पुढची चाकं चढवली. मग दोघं पुठ्ठ्यावर झोपून गाडीखाली शिरले. त्याने एकेक सांगितलं. इंजिन कोमट असताना ऑइल सोडायचं. बोल्ट आधी हाताने फिरवायचा, पान्याने नंतर. आणि फिल्टर, तो मुठीएवढा पत्र्याचा डबा, काढला की त्याचं रबर तपासायचं.

"हे वर्तुळ. कधीकधी हे डब्यासोबत येत नाही, इंजिनालाच चिकटून राहतं. त्यावर नवा फिल्टर बसवला की झाली दोन रबरं. मग पकड राहत नाही, सगळं ऑइल रस्त्यावर. म्हणून जुना डबा हातात घेऊन बघायचं, रबर आलंय का."

"रबर आलं का?" वरून बाबा.

"आलं, काका!"

"तुम्ही बघितलं की तिने?"

"दोघांनी!"

त्या दिवसापासून तो रविवारचाच झाला. कधी ब्रेक बघायला, कधी वायपरचं रबर बदलायला, आणि बदलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा नुसता चहाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवेना. बाबांना मात्र आठवत होतं. दुसऱ्या वेळच्या ऑइलला, म्हणाले.

"तुझ्याकडे दुसरी गिऱ्हाइकं नाहीत का रे?" ती विचारायची.

"आहेत की. पण ती नेलपॉलिश लावत नाहीत."

"मी तरी कुठे लावते?"

"फिल्टरला लावतेस. मला तेवढं पुरतं."

तिसऱ्या वेळी पुन्हा झिमझिम होती. गाडीच्या पोटावरून थेंब ओघळून तिच्या गळ्यात जात होते. दोघांचे खांदे एकमेकांना टेकलेले, एक पुठ्ठा, एक टॉर्च. तिने जुना फिल्टर फिरवून काढला. ऑइलने माखलेल्या हातांनी तो त्याच्याकडे दिला.

"रबर आलंय का?" वरून बाबांची आरोळी आली, मागोमाग खोकला.

"बघ रे," ती म्हणाली.

क्षणभर काहीच नाही. मग तो म्हणाला, "आलंय."

तिने नवा फिल्टर बसवला. तो बसवताना त्याने अंगठ्याने तिच्या गालावरचा काळा डाग पुसला. पुसला कसला, आणखी पसरवला. ती हसली नाही, तोही हसला नाही... त्या अंधाऱ्या, ओल्या, ऑइलच्या वासाच्या दीड हात जागेत तिला वाटलं, आता आयुष्य इथेच थांबलं तरी आपली तक्रार नाही.

आयुष्य दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला थांबलं. मोठ्या रस्त्यावर.

समोरच्या काट्यांमध्ये ऑइलचा तांबडा दिवा लागला तेव्हा मागच्या सीटवर अकरा नमुने होते. लॅब दोन मिनिटांवर होती. तिने मनाशी म्हटलं, पोचू आणि मग बघू. दोन मिनिटं पुरली नाहीत. इंजिनातून आधी ठकठक आली, मग पत्रा फाडल्यासारखा आवाज, आणि मग काहीच नाही. मागे ओल्या रस्त्यावर ऑइलची लांबच लांब काळी रेघ उमटली होती. डबा छातीशी धरून ती लॅबपर्यंत पळत गेली. नमुने वाचले. इंजिन गेलं.

बुधवारी वर्कशॉपच्या मॅनेजरने तिला बोलावलं. टेबलावर फिल्टर ठेवला होता आणि शेजारी दोन रबरं, एकमेकांवर चिकटून चपटी झालेली.

"घरी करायला जाता ना मॅडम, मग असं होतं," पेनाच्या टोकाने रबर उचलत तो म्हणाला. त्याच्या आवाजात साखर होती. "जुनं काढलंच नाहीत. वॉरंटी विसरा आता."

तिने मागे पाहिलं. तो भिंतीपाशी उभा होता, टाय लावून. खाली बघत होता. आपली कीव येत असेल त्याला, असं वाटून तिचेच डोळे भरून आले.

लॅबवाल्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, एक तारखेला गाडी नसली तर तुझा भाग दुसरीला. ती बसने फिरू लागली. पंधराचे सहा पेशंट झाले. बाकीचे भुकेने कावून दुसऱ्या लॅबकडे गेले. घरी बाबांनी तिला एक शब्दही सुनावला नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "मीच खाली यायला हवं होतं." आणि खिडकीतली खुर्ची आत ओढून घेतली.

तो रोज संध्याकाळी फोन करायचा.

"जेवलीस?"

"माझ्याच हातून झालं रे. एवढं शिकवलंस, आणि माझ्याच हातून..."

"होतं असं कधीकधी," तो म्हणायचा. "जेवून घे."

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी तो दारात आला. टाय नव्हता. ती त्याला मागच्या अंगणात घेऊन गेली. गाडी नसलेले लोखंडी उतार तिथे पावसात गंजत पडले होते.

"रबर मी बघितलंच नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"डबा माझ्या हातात होता. तू म्हणालीस बघ, आणि मी... तुझ्याकडे बघत होतो. गालावर डाग होता तुझ्या. मी न बघताच आलंय म्हणालो."

पाऊस पडत राहिला. तिला आधी काही समजेचना. मग सगळं एकदम समजलं.

"आज सकाळी कंपनीला लिहून दिलं," तो घाईघाईने पुढे बोलू लागला. "रबर मी तपासायचं होतं, ते लिहिलं. आणि ती पहिली सर्व्हिस, जी आम्ही केलीच नव्हती, तीही लिहिली, कागद जोडून. दुपारी मॅनेजरने काढून टाकलं मला. परगावी ट्रकच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळतंय. उद्या निघायचंय. तू मला..." तो अडखळला. "मला तू आवडतेस, हे मला असं सांगायचं नव्हतं."

"मॅनेजरने रबरं दाखवली तेव्हा तू तिथे होतास."

"होतो."

"मी फोनवर रडत होते. माझ्याच हातून झालं म्हणत होते. आणि तू म्हणालास, होतं असं कधीकधी." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. "आत माझा बाप बसलाय. मी खाली यायला हवं होतं म्हणत स्वतःला कुरतडतोय. ज्याला दोन पायऱ्या उतरता येत नाहीत तो माणूस! इंजिनाचं जाऊ दे रे. तू माझ्याकडे बघत होतास, ते मी एका दिवसात विसरले असते. एका दिवसात कसली, लाजून मेले असते. पण आठ दिवस? आठ दिवस तू मला माझ्याच नजरेतून उतरू दिलंस?"

"भीती वाटली."

"नोकरीची?"

"नाही. पहिल्या दिवशी मी खरं बोललो म्हणून मी तुला दिसलो. माझ्याकडे दुसरं काय होतं?"

हे उत्तर खरं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. खोटं असतं तर दार लावून घेणं सोपं गेलं असतं.

"आधी आत जा," ती म्हणाली. "बाबांना सांग."

तो आत गेला. बाहेर तिला शब्द ऐकू आले नाहीत, नुसती मशीनची घरघर ऐकू आली. मग बाबांचा आवाज: "मूर्खा." मग खुर्ची खिडकीकडे सरकल्याचा आवाज.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"फोन करू ना तिथून?"

"आठ दिवस करायचा नाही," ती म्हणाली. "मेसेजही नाही. आठ दिवस म्हणजे किती असतात, ते तुला कळू दे."

त्याने मान हलवली. फाटकापाशी तो वळला नाही. वळला असता तर तिने हाक मारली असती.

पाचव्या दिवशी सकाळी ती एका जुन्या इमारतीचा जिना चढत होती. लिफ्ट बंद, बर्फाचा डबा खांद्याला, सहावा मजला. चौथ्या मजल्यावर ती पायरीवर बसली. काल मॅनेजरचा फोन येऊन गेला होता. इंजिनाचा अर्धा खर्च कंपनी देणार होती, आणि त्याचा आवाज या वेळी बिनसाखरेचा होता. उरलेला अर्धा तिचा. एक तारीख हुकणारच होती. डॉक्टरीणबाईंनी खूप घासाघीस करून पंधरा तारखेपर्यंत मुदत दिली होती. हे सगळं तिने दोन वेळा मनात उगाळलं आणि फोन काढला.

पहिल्याच घंटीला त्याने उचलला. पलीकडे हातोड्यांचा दणदणाट.

"अजून तीन दिवस आहेत," तो घाबरत म्हणाला.

"माहितीये. मोजता येतं मला."

"मग?"

"शिक्षा तुला दिली होती," ती म्हणाली. "भोगतेय मी."

पलीकडचा दणदणाट लांब गेला. तो चालत कुठेतरी आडोशाला आला असावा.

"बोल आता," ती म्हणाली. "काहीही बोल. फक्त खरं बोल."

"इथलं जेवण वाईट आहे," तो म्हणाला. "खोली गळते. रात्री झोप येत नाही. आणि काल एका ट्रकचा फिल्टर बदलताना मी रबर तीन वेळा तपासलं, तरी चौथ्यांदा बघावंसं वाटत होतं."

सहाव्या मजल्यावर एक आजी रात्रीपासून उपाशी बसून तिची वाट बघत होत्या. सुईने आजवर कुणाला मिनिटभरही ताटकळत ठेवलं नव्हतं. तिने डबा खांद्यावरून उतरवला, शेजारी पायरीवर ठेवला आणि भिंतीला डोकं टेकलं.

"पुढे?" ती म्हणाली.