थोरलीचे बारीक टाके

हे कुठे वाचलेलं नाही, की कोणाच्या मित्राच्या मित्राकडून ऐकलेलं नाही. आमच्या घरातल्या बाईच्या बाबतीत घडलंय. आणि ती खोटं बोलणारी नाही. खोटं बोलायलाही अंगात उत्साह लागतो, तो तिच्यात उरलेलाच नाही.

ती म्हणजे माझी धाकटी मावशी. साठी उलटली, गुडघे गेले, तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात.

गेल्या हिवाळ्यातला शनिवार होता. थंडी अशी, की समोरची इमारतसुद्धा धुक्यात दिसत नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत धाकटी एकटीच होती.

निदान तिला तसं वाटत होतं...

त्या खोल्यांत आधी दोघी बहिणी राहायच्या आणि गोधड्या शिवायच्या. लोक जुने कपडे आणून द्यायचे. या थर लावून गोधडी जमिनीवर पसरायच्या आणि समोरासमोर बसायच्या. एकीने या काठाकडून सुरू करायचं, दुसरीने त्या काठाकडून. ओळी घालत घालत गोधडीवरच पुढे सरकायचं आणि मध्यावर भेटायचं.

थोरलीचा टाका बारीक, तांदळाच्या दाण्याएवढा. धाकटीचा लांब. धाकटी दोऱ्याची गाठ थरांच्या आत लपवायची. थोरली सरळ वर ठेवायची. "चोरी केलीय का लपवायला?" म्हणायची.

पावसाळा संपता संपता थोरली गेली. आजारपण फार लांबलं. त्यात धाकटीने रात्रंदिवस उठबस केली आणि तेव्हापासून जी थकली, ती थकलीच. झोपून उठली तरी थकलेली.

शनिवारी सकाळी चिमणीचा फोन आला. चिमणी म्हणजे थोरलीची मुलगी. दवाखान्यात नर्स आहे. दूरच्या गावी नवी नोकरी लागली होती, रविवारी संध्याकाळी निघायचं होतं.

"मावशी, गोधडी होईल ना गं?"

"होईल की."

"आईने माझ्यासाठी घेतली होती शिवायला. मला दुसरं काही नको. आई गेल्यापासून डोळ्याला डोळा लागत नाही. तिच्या हातचं काहीतरी अंगावर असलं तर झोप येईल असं वाटतं."

"उद्या ये. तयार ठेवते," धाकटी म्हणाली.

फोन ठेवला आणि तिने कपाळाला हात लावला. गोधडी निम्मीसुद्धा झालेली नव्हती. थोरलीच्या बाजूने चार बोटं शिवलेली, बाकी सगळं कोरं. एकटीने दोन दिवसांत कशी उरकायची?

पण शब्द दिला होता. पोरीची झोप त्यावर अडली होती. ती कुरकुरत शिवायला बसली.

दुपारपर्यंत तिची बोटं थंडीने आखडली. ती चहा टाकायला आत गेली. चहा पिऊन आली, सुई उचलली...

आणि थांबली.

समोरच्या काठाकडची शिलाई पुढे आली होती.

थोरलीच्या बाजूची. चार बोटांची आता वीतभर झाली होती.

'आपणच शिवलं असेल,' तिने मनाची समजूत घातली. थकलेल्या माणसाला कालचं आठवत नाही. ती पुन्हा वाकून शिवायला लागली. थोड्या वेळाने तिथेच डुलकी लागली.

जाग आली ती आवाजाने.

टक... टक...

फरशीवर काहीतरी आपटल्याचा आवाज. ती उठून बसली तसा तो थांबला.

समोरची शिलाई आणखी पुढे आली होती. बारीक टाके. गाठी वर.

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरचा शिंपीमामा सुया घेऊन आला होता.

"धाकट्या ताई, काम जोरात दिसतंय. कोणाला मदतीला घेतलंत?"

"मला कोण येतंय मदतीला?"

"नाही, थोरल्या ताई दोरा संपला की बोटातलं पत्र्याचं अंगुस्तान जमिनीवर आपटायच्या बघा. माझ्या डोक्यावर इतकी वर्षं टकटक. आज दुपारपासून तीच चाललीय. म्हटलं, नवीन बाईलाही तीच खोड लावलीत की काय!"

तो हसला. धाकटी हसली नाही. सुया घेऊन तिने दार लावून घेतलं.

तुमची-माझी पाचावर धारण बसली असती. आपण जिना उतरून पळालो असतो. धाकटीला तीन मजले उतरायचाच कंटाळा आला. आणि खरं सांगायचं तर... तिला बरं वाटलं. किती महिन्यांनी कोणीतरी तिच्या वाटणीचं काम हलकं केलं होतं.

ती बसली. समोर बघायचं नाही, एवढंच तिने ठरवलं.

टक... टक...

तिने मान वर न करता दोऱ्याचं रीळ समोर ढकललं. रीळ घरंगळत गेलं...

भिंतीपर्यंत पोचल्याचा आवाज आला नाही.

रविवारी दिवसभर असंच चाललं. ही इकडून, ती तिकडून. धाकटी मधूनच बोलायची. "चिमणी जातेय गं ताई. पोरगी वाळलीय अगदी." उत्तर यायचं नाही. फक्त दोरा कापडातून ओढल्याचा आवाज. सर्रर्र... सर्रर्र...

दुपार कलता कलता मध्यावर जेमतेम हातभर जागा राहिली. धाकटीचा जीव भांड्यात पडला. 'पाठ जरा टेकते,' म्हणत ती गोधडीवरच आडवी झाली.

फोन वाजला तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं.

"मावशी, रिक्षात बसलेय. पोचतेच."

धाकटी उठायला गेली...

उठता येईना.

तिला वाटलं, पाय बधिर झाले. तिने हाताने चाचपून बघितलं.

तिचा गाऊन गोधडीला शिवलेला होता.

हे शिवणाऱ्या बायकांचं नेहमीचं. गोधडीवर बसून शिवताना आपलाच कपडा टाक्यात सापडतो. दोघी बहिणींची त्यावरून कितीदा हसून पुरेवाट झालेली. पण ते चुकून. एखाद-दुसरा टाका.

इथे गाऊनची कड सगळीकडून शिवली होती. मग गुडघ्यांशी. मग कमरेशी. तांदळाच्या दाण्याएवढे टाके, गाठी वर. सुई तिच्या पायमोज्यातून टाचेच्या कातडीत गेलेली होती. दोरा ओवलेला होता.

तिने सुई उपसली. सुई गरम होती...

आजारपणात थोरलीला एकटं राहायची फार भीती वाटायची. धाकटीने उठून जाऊ नये म्हणून तिच्या गाऊनची कड मुठीत धरून झोपायची. शेवटी मूठ सोडवताना धाकटीला एकेक बोट उलगडावं लागलं होतं.

"ताई," ती हळूच म्हणाली. "सोड गं. मी थकलेय."

टक.

एकदाच. अगदी कानाशी.

तिने कात्री ओढली आणि गाऊन फाडत, कापत स्वतःला सोडवलं. जिन्यात चिमणीची पावलं वाजत होती. धाकटीने गोधडीकडे बघितलं.

मधली हातभर जागा आता शिवलेली होती.

गोधडी पूर्ण झाली होती. तिने ती कशीबशी गोळा करून पलंगाखाली लोटली, अंगावर शाल ओढली आणि दार उघडलं.

"झाली?" चिमणीने दारातूनच विचारलं.

"नाही झाली. ही दुकानातली रजई घेऊन जा."

चिमणी बघतच राहिली. मग तिची नजर पलंगाखाली गेली. "मावशी, ती काय तिथे? झालीय की!"

"बिघडलीय. हात लावू नकोस."

"बिघडू दे. आईची आहे ती! मला दे."

"नाही म्हटलं ना!" धाकटी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडली.

चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुला एकटीलाच माझी आई हवी होती. आधीपासूनच," ती म्हणाली. रजई तिथेच टाकून ती खाली उतरली.

मागच्या आठवड्यात मी धाकटीकडे गेलो होतो. गोधडी तिच्या पलंगावर होती. तीच पांघरून झोपते म्हणाली. उशाशी कात्री असते. सकाळी आधी टाके कापायचे, मग उठायचं.

"रोज?" मी विचारलं.

"रोज नाही. थंडी असली की."

"जाळून का टाकत नाहीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मलाच स्वतःची लाज वाटली.

"तिला कोणीतरी लागतंच रे," ती म्हणाली. "इथे मी नसले तर ती कोणाकडे जाईल, सांग?"

तिच्या बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते.

चिमणीला यातलं काही माहीत नाही. ती अजून धाकटीशी बोलत नाही. परवा मला तिचा फोन आला होता, झोप लागत नाही म्हणत होती. "मावशीकडून एकदा ती गोधडी मागून आण ना," म्हणाली.

मी अजून तिला काही कळवलेलं नाही.