दुसरं नाव

ये, अशी जवळ बस. हातातलं काम राहू दे घटकाभर. एका मुंगीची आणि एका नन्नाची गोष्ट सांगते.

मुंगी ही मावशीची लाडकी भाची. एकदा धरलं की सोडायचं नाही, म्हणून मावशीनेच ठेवलेलं नाव. मावशी टेकडीवरच्या एका खोलीच्या वेधशाळेत भूकंपाची कंपनं टिपायची. त्याचं सॉफ्टवेअर ठिकठिकाणच्या जाणत्या माणसांनी मिळून, विनामोबदला सांभाळलेलं. पण नोंदी साठवणारा डेटाबेस तेवढा विकतचा! त्याचा परवाना आता परवडेना. वर्षअखेरीला वेधशाळेला कुलूप लागणार होतं.

"कसं लागतं तेच बघते," मुंगी म्हणाली आणि त्याच्या जागी सर्वांना खुला असलेला डेटाबेस जोडायला बसली.

ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मंडळींचा एक नियम होता. नवा भाग घ्यायचा, तर तो पुढे सांभाळायला दोघांची नावं हवीत. भजनात म्हणणारा कितीही गोड असो, मागे धरणारा लागतोच ना! पहिलं नाव मुंगीचं. दुसरं कोणी देईना. सगळ्यात ठाम नकार ज्याचा यायचा, त्याला मंडळी 'नन्ना' म्हणत. मुंगीने त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

मग मंडळींचा मेळावा भरला. बाहेर संथ पाऊस. देवाला गाठ घालायची असली, की तो व्हरांड्यात सॉकेटही एकच ठेवतो! मुंगीच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, मावशीच्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये चाललेल्या... आणि एका उंच तरुणाने तिची पिन उपटून चहाची किटली लावली.

"अहो! मावशीच्या नोंदी चहात बुडवल्यात की!"

तो पांढराफटक पडला. "अर्धवट भरल्या असतील... सगळा घोळ. म्हणून तर मी नको म्हणत होतो—"

"म्हणजे... नन्ना तुम्हीच?"

तिने किटली बाजूला सारली, लॅपटॉप सुरू केला. एकही नोंद अर्धवट नव्हती. अपुरं राहिलेलं काम डेटाबेसने आपणहून मागे घेतलं होतं. जुन्या नोंदीही जशाच्या तशा.

"सगळं, नाहीतर काहीच नाही," ती म्हणाली. "असा आहे तो."

"तुमच्यावर गेलाय," तो हळूच हसला.

मेळावाभर तो परीक्षा म्हणून मुद्दाम पिन उपटत राहिला, ती पुन्हा लावत राहिली. चहा मात्र दोन कपांत व्हायला लागला. शेवटच्या संध्याकाळी तिने विचारलंच, "आता तरी कसली भीती?"

"लोक हौसेने जोडतात नि निघून जातात," तो म्हणाला. " मागे मी उरतो... एकटा."

"मी मुंगी आहे. सोडत नाही."

त्याने तिचा लॅपटॉप ओढला आणि तिच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं.

"विचार केलात?" तिने विचारलं. "वर्षानुवर्षं रोज बोलावं लागेल माझ्याशी."

"त्यासाठीच तर... दुसरं नाव दिलं."

वर्षअखेरीला दोघं टेकडीवर गेली. दार सताड उघडं, आत यंत्र चालू. मावशीने पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय हो नन्ना, माझ्या मुंगीला जन्मभर सांभाळणार?"

"हो."

"अगं बाई! हा हो म्हणतो की!"

तर बाळा, कुठे धरणी हलल्याची बातमी कानावर आली, की टेकडीवर एकटी जागणाऱ्या त्या मावशीची आठवण ठेव हं.