कमांडरांच्या गाठी

शेवटी दोघांचं जमलं, लग्नही झालं.

छे, काहीतरीच! असलं काही झालेलं नाही. झालं ते एवढंच, की अभिलेखागारात एका दिवंगत नौदल कमांडरांची खासगी कागदपत्रं आली. खोकी भरून. आणि प्रत्येक गठ्ठा दोरीनं असा आवळलेला, जणू कागद पळूनच जाणार होते.

त्यांची यादी करायचं काम तिथल्या एका तरुण कर्मचारी मुलीकडे. तिनं कात्री उचलताच अभिलेखागाराच्या प्रमुख मॅडम कडाडल्या, "कापायची नाही! गाठ कमांडरांनी स्वतः मारलीय. इथे दोरीसुद्धा कागदपत्रच."

मग तिनं नखं लावली, पेन्सिल लावली. मॅडमची पाठ वळताच दातही लावले. गाठ ढिम्म.

"दात नका लावू. समुद्रावरची दोरी आहे ती, खारट असेल."

दारात ओली छत्री घेऊन कमांडरांचा नातू उभा होता. देणगीपत्रावर सही करायला आलेला.

"आहे," ती म्हणाली. "खारट आहे."

त्यानं दोन बोटांनी एक पदर मागे ढकलला, दुसरा हलकेच ओढला आणि... गाठ सुटली. तिचं लक्ष दोरीकडे असायला हवं होतं. ते बोटांकडे होतं.

मग तो रोज दुपारी येऊ लागला. रोज एक गाठ सुटायची, मग आत काय निघतंय याचं कुतूहल. एका गठ्ठ्यातून तर मळमळीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली. तारीखवार लावलेली.

"कमांडरांना बोट लागायची?"

"नोकरीभर. घरी बोलले नाहीत कधी. आम्हाला वाटायचं, आजोबा समुद्र बघून भावुक होतात."

ती इतकी हसली, की मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"पण एवढं घट्ट का बांधायचे? आजींनी वाचू नये म्हणून?"

"आजीनं बोलवावं म्हणून. तिला काही गाठी सुटायच्या नाहीत. मग कमरेवर हात ठेवून यायची — अहो, सोडा बघू! ते मुकाट्यानं सोडायचे. आणि ती वाचायला बसली, की पुढच्या गठ्ठ्याला आणखी अवघड गाठ."

तिनं वाकून पाहिलं. शेवटच्या खोक्यात एकच गठ्ठा उरला होता.

दुसऱ्या दिवशी तो मेला गठ्ठा एका झटक्यात सुटला.

"सुटला..." तो म्हणाला.

"हो ना. सुटला."

त्यानं छत्री उचलली. बाहेर ऊन होतं, तरी दारातच उघडली, मिटली. "येतो मग..."

"या," ती म्हणाली. पण आता कशाला येणार?

संध्याकाळी तिनं गोळ्यांच्या पाकिटांचा गठ्ठा पुन्हा बांधला आणि फोन केला, "एक गठ्ठा नजरचुकीनं राहिलाय."

तो धापा टाकत आला. गाठीवर वाकून बराच वेळ निरखत राहिला.

"ही नौदलातली नाही."

"मग?"

"बुटाच्या नाडीची आहे. टोक ओढलं की सुटेल."

"आणि... नाही ओढलं तर?"

त्यानं टोकावरचं बोट काढून घेतलं. कान लाल. "मग... रोज यावं लागेल."

तिनं कमरेवर हात ठेवला. "अहो — नका सोडू बघू!"

त्या दोघांनी मिळून केलेला अर्ज मॅडमच्या टेबलावर अजून पडून आहे: 'महोदया, सदर गठ्ठ्याची गाठ अत्यंत किचकट असल्याने ती न सोडण्याच्या कामी दोन खुर्च्या, एक खिडकी आणि आम्हा दोघांचे उर्वरित आयुष्य कार्यालयीन वेळेत मंजूर करण्यात यावे, ही नम्र विनंती.'