गणतीत एक जास्त

ही घडलेली गोष्ट आहे. मी लग्नाच्या पंगती घालणारा माणूस. पाचशे पानं नजरेनं मोजतो. माझी गणती चुकत नाही.

त्या दिवशी चुकली असती तर बरं झालं असतं...

११ नोव्हेंबर २०२२. सकाळी साडेदहा. ओझर विमानतळ.

माझी भाची स्नेहल विमानात कामाला. मी तिला चिडवायचो, "वरच्या पंगतीची वाढपीण." करोनात विमानं बंद पडली आणि आमची वाढपीण मखमलाबादला घरच्या शेतात झेंडू तोडू लागली. अडीच वर्षं. मग कंपनीनं पुन्हा बोलावलं, तीन महिन्यांच्या बोलीवर.

पहिल्याच दिवशी यादीत बावन्न प्रवासी. दार लावण्याआधी डोकी मोजायची असतात.

मोजली तर... त्रेपन्न.

पुन्हा मोजली. त्रेपन्न.

दुसऱ्या दिवशीही एक जास्त. दोन्ही दिवस विमानाला उशीर. साहेब म्हणाले, "तिसऱ्यांदा झालं तर घरी बसा."

ती रात्री माझ्याकडे आली.

"मामा, तो कोण आहे ते मला माहितीये."

२४ मार्च २०२०. बंदच्या आधीचं शेवटचं विमान. सायखेड्याचे रावजी, हातात द्राक्षांची पिशवी. लेक हैदराबादला दवाखान्यात, अत्यवस्थ. दारातच त्यांना ताप निघाला. स्नेहलनं उतरवलं. ते हात जोडून हलेचनात, तेव्हा म्हणाली, "काका, उद्या या. मी स्वतः बसवते."

उद्या विमान नाही, हे तिला माहीत होतं.

रावजी आले. बंद गेटबाहेर अंधार पडेपर्यंत बसून राहिले. वॉचमननं नंतर स्नेहलला सगळं सांगितलं. चार दिवसांनी लेक गेली. पंधरवड्यात तेही.

"तू फक्त सोबत चल," ती म्हणाली.

मी ११ तारखेचं हैदराबादचं तिकीट काढलं.

माझ्या शेजारची सीट रिकामी होती. यादीत एकावन्न. मी मोजले...

बावन्न.

स्नेहल मोजत मोजत माझ्या रांगेशी थबकली. रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला होता.

आणि द्राक्षांचा वास... नोव्हेंबरात नाशकात द्राक्षं नसतात.

"एकावन्न," तिनं फोनवर कॅप्टनला सांगितलं. दुसरं काय करणार होती पोर?

दार लागलं.

प्रवासभर मी तिकडं पाहिलं नाही. उतरताना मात्र सवयीनं तोंडातून गेलंच. शेजारच्या प्रवाशाला आपण म्हणतोच की. म्हणायला काय जातंय, कोण येतंय थोडंच.

"बरंय काका, निघतो. या एकदा घरी."

खट्ट.

पट्टा सुटला...

दुसऱ्या दिवशी मी बसनं परत निघालो. वाटेत स्नेहलचा फोन. रडत होती. "मामा, आज गणती जुळली."

मलाही हायसं वाटलं. घरी पोचेपर्यंत.

बायकोनं दार उघडलं. माझ्या मागं पाहिलं... आणि डोक्यावर पदर घेतला.

"पाहुणे आणणार होतात तर कळवायचं तरी," ती हळूच म्हणाली, आणि आत जाऊन दोन ताटं घेतली.

स्नेहलची नोकरी आता पक्की झाली. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

घरात अजून बारा महिने द्राक्षांचा वास येतो. बायको रोज एक ताट जास्त घेते. मी विचारत नाही.

बोलावलं तर मीच होतं. आणि आलेल्या पाहुण्याला 'आता निघा' म्हणायची आमच्या घरात रीत नाही...