सहा टेकू

"मध्येच कुणी उठायचं नाही," मामांनी आधीच बजावलं. गच्चीवर अंथरुणं पडली होती आणि भाचरं मामांना चिकटून बसली होती. "ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या साडूवर बेतलेली आहे."

साडू मुकादम. क्रिकेटच्या मैदानावर प्रेक्षकांसाठी नवा स्टँड बांधायचं काम त्याच्याकडे होतं. जुना बांधतानाच कोसळला तेव्हा त्याखाली सहा मजूर गेले होते; त्यातल्या एकाच्या हाताला अंगठा नव्हता. स्लॅब ओतून जेमतेम दहा दिवस झालेले. एकवीस दिवसांच्या आत खालचे टेकू हलवायचे नसतात. पण रविवारी सामना होता. ठेकेदार म्हणाला, "रात्रीतून टेकू काढ, सकाळी रंगारी येतोय. जमत नसेल तर दुसरा मुकादम बघतो."

त्या स्टँडवर शाळेच्या मुली बसणार होत्या. साडूची धाकटीसुद्धा. पण पोटापाण्याचा प्रश्न आला की माणूस मनाची समजूत घालतो. काही होत नाही, म्हणाला.

शुक्रवारची रात्र. पावणेबारा. बायकोला "आलोच तासाभरात" सांगून, हातोडा आणि बॅटरी घेऊन तो निघाला.

"एकटेच?" भाचीने विचारलं.

"मग? चुकीच्या कामाला साक्षीदार कोण नेतं?"

स्लॅबखाली शिरून त्याने पहिल्या टेकूची पाचर ठोकून काढली. टेकू सुटला. तो आडवा ठेवला. मग दुसरा. तिसरा. असे सहा काढले. सातव्यावर हातोडा उगारला, तोच वर काहीतरी करकरलं.

साडू जागीच खाली वाकला. आता येतो खाली... त्याने डोळे मिटले.

स्लॅब आला नाही.

"मग?"

"मग त्याला श्वास ऐकू आले."

दमलेले. डोक्यावर ओझं पेललेल्या माणसांचे. एक इथून... एक तिथून... जिथले टेकू काढले होते, तिथूनच. त्याने बॅटरी मारली. कुणी नाही. नुसती धूळ.

आणि अगदी कानाशी...

"लवकर..."

"पळाले ना ते?" धाकट्याने पांघरूण ओढलं.

"पाय उचलतील तर पळेल!"

त्याने टेकू उभा केला. पाचर ठोकली. तिथला श्वास थांबला. दुसरा टेकू. थांबला. तिसरा... शेवटी एकच श्वास उरला. तुटत होता. साडूच्या घामेजल्या हातातून हातोडा निसटत होता. ठोक... ठोक...

शांत.

सकाळी साडू ठेकेदारापुढे उभा राहिला. "मला काढायचं तर काढा. टेकू निघणार नाहीत. कुणी हात लावलाच, तर मी खाली जाऊन झोपतो." त्याचा चेहरा पाहून ठेकेदाराने रंगाऱ्याला परत पाठवलं. रविवारी मुली मैदानाच्या कडेला सतरंजीवर बसल्या.

एकविसाव्या दिवशी टेकू निघाले. वरच्या फळ्या उतरवल्या. त्या फळ्यांवरच स्लॅब ओतलेला. म्हणजे खालच्या बाजूला ओल्या सिमेंटपर्यंत कुणाचा हात पोचणंच शक्य नाही.

मामा थांबले.

"मी स्वतः पाहिलंय. सहा जागा. प्रत्येक जागी दोन पंजे, सिमेंटमध्ये रुतलेले... आणि एका पंजाला अंगठा नव्हता."